अकरा पानांचं इतिवृत्त

१४ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणाला, रक्तदाब चढलाय, मनात येईल ते लोकांच्या अंगावर ओतण्याऐवजी कागदावर उतरवत जा. म्हणून ही वही. मार्लिसला दाखवली तर म्हणाली, "एकच आणलीस? पुरेल?" बेचाळीस वर्षं संसार झाला की बायको अशीच बोलते.

आज ग्रंथालयाच्या तळघरात पक्षाच्या काउंटी कमिटीची बैठक. हजर अकरा, गैरहजर तीन, पैकी एकाला पडसं. चिटणीस म्हणून इतिवृत्त मीच लिहितो, सात वर्षं झाली. शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, तेव्हा असल्या कामाचं वळण हाताला आहेच. मात्र इतिवृत्त कुणी वाचू देत नाही. दर वेळी कुणीतरी हात वर करतो, "वाचलं असं समजून मंजूर," आणि सगळी मंडळी कॉफीकडे पळतात. मी एवढ्या बारकाईने लिहितो ते काय उंदरांसाठी?

राष्ट्राध्यक्षपदासाठी आमच्या पक्षात उमेदवार सात, पण खरी झुंज दोघांतच: गव्हर्नर आणि सेनेटर. आमच्या सोलबर्ग गावात घराघरात दोन तट पडलेत. मी गव्हर्नरचा, उघड उघड. पण अध्यक्ष बर्नडीन कोलारिक कुणाची ते देवाला ठाऊक. आमच्या काउंटीत पद्धत आहे, उमेदवार ठरेपर्यंत अध्यक्षाने आपलं मन सांगायचं नाही. बर्नडीनच्या कोटावर एक बिल्ला दिसेल तर शपथ. एकाहत्तर वर्षांची बाई, पण तोंडाला कुलूप पक्कं. माझा तर्क असा की ती आतून सेनेटरची आहे. सेनेटरचं भाषण टीव्हीवर लागलं की ती विणकाम थांबवते, हे मी दोनदा पाहिलंय.

बैठक संपताना ती उभी राहिली. "आठ वर्षांपूर्वी काय झालं ते आठवतंय ना? आपण असेच भांडलो. ज्यांचा माणूस हरला ते नोव्हेंबरात फुरंगटून घरी बसले. आमचा लिओनार्ड राज्याच्या विधानसभेला एकोणीस मतांनी पडला. आता लिओनार्ड काही परत येत नाही. तुम्ही कुणाच्या मागे उभे राहता याच्याशी मला घेणं नाही. पण यंदा नोव्हेंबरात आपलं एकही माणूस घरी बसता कामा नये. मला एवढंच पाहिजे."

लिओनार्ड तिचा नवरा, पाच वर्षांपूर्वी वारला. मी सगळं उतरवून घेतलं. 'एकोणीस' लिहिताना पेन अडलं. तळघर गारठलेलं, शाई आखडली असेल.

१ फेब्रुवारी, सोमवार

कॉकस झाला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची गावसभा. बाकीच्या राज्यांत लोक गुपचूप मत टाकून घरी जातात, आम्ही आयोवावाले शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उभं राहून सांगतो. शाळेच्या जिममध्ये गव्हर्नरवाले पूर्वेच्या बास्केटखाली, सेनेटरवाले पश्चिमेच्या. डोकी मोजायची, मग ज्याचे कमी त्याने दुसऱ्यांना आपल्याकडे ओढायचं.

सेनेटरवाल्यांची म्होरकी आयोनी ब्रँडव्होल्ड. शाळेची बस चालवते. माझी जुनी विद्यार्थिनी, नागरिकशास्त्रात जेमतेम पास. ती मैदानाच्या मधोमध येऊन माझ्यावर ओरडली, "सर, अजून वेळ गेली नाही, या आमच्याकडे! आमच्याकडे लिंबाच्या वड्या आहेत!"

मी म्हटलं, "आयोनी, आधी सांग, सेनेटमध्ये सभासद किती?"

"शंभर, सर. त्यातला एक पुढचा राष्ट्राध्यक्ष!"

पश्चिमेच्या बास्केटखाली शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. काय करणार, उत्तर बरोबर होतं.

सगळ्या काउंटीचा आकडा आला: सेनेटरचे प्रतिनिधी एकतीस, आमचे एकोणतीस. हे साठजण मार्चमध्ये काउंटीच्या अधिवेशनात बसणार. आमच्या बाजूच्या एकाने रागात सेनेटरचा फलक टराटरा फाडला. त्यांच्यातला एकजण बाह्या सरसावून धावला. बर्नडीन दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, दोन दणकट माणसं मिळाली. चला, दोनशे खुर्च्या घडी करायच्यात. एकाने घडी घालायची, दुसऱ्याने गाड्यावर रचायची." आणि दोघांनी मुकाट्याने केलं की! शंभराव्या खुर्चीपर्यंत ते मक्याच्या भावावर बोलायला लागले होते. बाईला माणसं कळतात, हे मान्य करायला हवं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

गावातला एकुलता एक न्हावी सेनेटरवाला. मी दुकानात शिरलो तर म्हणतो, "तीन आठवडे नंबर नाही." आत गिऱ्हाईक एक, तेही झोपलेलं. केस कानावर आलेत. मार्लिस म्हणते, मी कापते. त्यापेक्षा केस वाढलेले बरे.

१२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते शांतपणे लिहायचं ठरवलंय. डॉक्टरचीच तशी आज्ञा आहे.

काउंटीचं अधिवेशन, त्याच जिममध्ये. इथून राज्याच्या अधिवेशनाला सातजण जायचे. राज्यातून मग देशाच्या. माझं वय अडुसष्ट. अठराव्या वर्षापासून या पक्षाची पत्रकं वाटतोय, कुत्री चावून घेतलीत, फलक ठोकताना अंगठा चेचलाय. एकदा, फक्त एकदा, देशाच्या अधिवेशनात ती दांडी लावलेली 'आयोवा' पाटी धरून बसायचं आहे मला. मार्लिसशिवाय हे कुणाला बोललो नाही. गव्हर्नरच्या यादीत माझं नाव चौथं. सेनेटरवाले सगळे आले तर त्यांना चार जागा, आम्हाला तीन, म्हणजे मी घरी. त्यांचे आठ-नऊ कमी पडले तर गणित उलटं आणि मी राज्याला.

रात्रभर बर्फ पडलेलं. साडेनऊला बातमी आली, उत्तरेकडच्या खेड्यांतून सेनेटरचे लोक घेऊन येणारी चर्चची व्हॅन रस्त्याकडेच्या चरात गेली. आत आयोनी धरून नऊजण. त्यांचे राखीव प्रतिनिधीही बर्फामुळे घरीच अडकलेले! कुणाला लागलं नाही, ट्रॅक्टर बोलावलाय, पण वेळ लागेल. चालवत होती कोण? आयोनी. रोज चाळीस पोरं सुखरूप पोचवणारी आयोनी. मी हसलो, खोटं कशाला बोलू?

दहाला सभा सुरू. आमच्या काउंटीचा जुना नियम आहे, मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं की हजेरीची वही बंद. त्यानंतर आलेला माणूस गॅलरीत बसून नुसता बघणार. राष्ट्रध्वजाला वंदन झालं, पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. आमच्यातल्या एकाने लगेच हात वर केला, "इतिवृत्त वाचलं असं समजून मंजूर!"

बर्नडीनने चश्मा पुसला. "नाही," ती म्हणाली, "सात वर्षं हा माणूस इतक्या कष्टाने लिहितो आणि आपण एकदाही ऐकत नाही, मला लाज वाटते त्याची. ऑर्विल, आज पूर्ण वाच. आणि सावकाश, मागच्या रांगेला ऐकू येत नाही."

माझा ऊर भरून आला. अकरा पानं होती. मी माइकपाशी गेलो, पाणी प्यायलो, घसा साफ केला. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं असावं की नसावं यावरची उन्हाळी सहलीच्या बेतातली चर्चा आहे ना, ती मी फार चांगली लिहिली आहे. लोक हसलेसुद्धा. आमच्या बाजूचे काहीजण मला डोळे मोठे करून खुणा करत होते, हात फिरवत होते. मला वाटलं, आवाज वाढव म्हणताहेत, म्हणून वाढवला. आठव्या पानावर बर्नडीनने मला थांबवून विचारलं, "तो ध्वजस्तंभाच्या रंगाचा ठराव पुन्हा वाचतोस का? मला नीट समजला नाही." मी पुन्हा वाचला.

शेवटच्या पानावर शेवटचा परिच्छेद आणि धाडकन दार उघडलं. आयोनी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मागे आठजण, एकाच्या डोक्यावर बर्फाचा ढीग तसाच. हजेरीच्या टेबलावर सह्या झाल्या. मी "कळावे, चिटणीस, ऑर्विल टेगलँड" म्हणून खाली बसलो. इतिवृत्त मंजूर. हजर साठ, गैरहजर कुणी नाही.

सेनेटर चार, आम्ही तीन.

आयोनीने येऊन माझा हात दाबला. "सर, देव तुमचं भलं करो." कशाबद्दल म्हणाली कोण जाणे.

१३ मार्च, रविवार

कशाबद्दल ते कळलं.

सकाळी नाश्त्याला मार्लिसला कालचं सांगत होतो. "जागा गेली ती गेली, पण बर्नडीनने इतिवृत्ताची कदर केली." मार्लिसने काटा खाली ठेवला. मला आधी वाटलं तिला ठसका लागला. नंतर बघतो तर बाई हसतेय, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी.

"ऑर्विल! अरे, वाचून संपेपर्यंत हजेरी उघडी होती ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग दार कुणी उघडं धरलं होतं? चाळीस मिनिटं?"

माझ्या हातातला पॅनकेक तसाच राहिला. अंड्याचं सॅलड! ध्वजस्तंभ, दोनदा! मीच माझ्या जागेवर माती घातली, तीही ठणठणीत आवाजात, मागच्या रांगेपर्यंत.

चिटणीसपदाचा राजीनामा लिहून टाकला. टपालपेटीत टाकून आलो. कसली एकी आणि कसलं काय. सेनेटरची माणूस ती, हे मी जानेवारीपासून म्हणत होतो. नोव्हेंबरात सेनेटर उभा राहिला तर त्याचं त्याने बघावं. मला काही गरज नाही कुठे जाण्याची.

१५ मार्च, मंगळवार

बर्नडीन आली. जुनी निळी गाडी दारात लावली, बर्फ झटकलं, स्वयंपाकघरात येऊन बसली. मार्लिस कॉफी ठेवून बाहेर गेली, म्हणजे दाराआड.

तिने माझा राजीनामा टेबलावर ठेवला. "यावर तारीख चुकली आहे. रविवार लिहून चौदा घातलीस, रविवारी तेरा होती. सात वर्षांत तू तारीख चुकवलेली नाहीस. पुन्हा नीट लिही, मग मी विचार करीन."

"तू मला वापरलंस, बर्नडीन."

"हो," ती म्हणाली. एवढंच. मी भांडायला कंबर कसून बसलो होतो, आणि ही बाई सरळ 'हो' म्हणाली. 

मग तिनेच बोलायला सुरुवात केली. "चरात अडकलेल्या नऊ माणसांना दाराबाहेर ठेवून ती जागा तू घेतली असतीस, ऑर्विल. नियमात बसत होतं. पण ती नऊ माणसं आणि त्यांची घरं पुढं काय करतील? नोव्हेंबरात बसतील घरी. मी त्यांना दोष देऊ शकले नसते. माणूस वाईट असतो म्हणून घरी बसत नाही. त्याला वाटतं, आपण नसलो तरी कुणाचं अडतंय? अडतं रे. मला ठाऊक आहे किती अडतं." हे ती खिडकीकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही.

मी म्हटलं, "मी गेली पन्नास वर्षं..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर तुलाच वाचायला सांगितलं. दुसऱ्या कुणाचं चाळीस मिनिटं कुणी ऐकलं नसतं." आणि निघाली.

ती गेल्यावर वही उघडली. डॉक्टर म्हणतो ना, मनातलं लिही. तर लिहितो. आठ वर्षांपूर्वी त्या मंगळवारी मी मत द्यायला गेलो नाही. माझा उमेदवार उन्हाळ्यात हरला होता, मी चिडलो होतो. मार्लिस बहिणीकडे गेलेली. दिवसभर गॅरेज साफ केलं. खिळे मापाप्रमाणे डब्यांत लावले. मला वाटलं राष्ट्राध्यक्षाच्या शर्यतीत माझ्या एका मताने काय होतंय? त्याच मतपत्रिकेवर खाली लिओनार्ड कोलारिकचं नाव होतं हे डोक्यातच आलं नाही. सकाळी रेडिओवर ऐकलं, एकोणीस. लिओनार्ड माझ्याशी पुढेही तसाच वागला, मासे धरायला बोलवायचा. तीन वर्षांनी गेला. वर्गात पोरांना सांगायचो, मत हे कर्तव्य आहे. हे कुणालाही माहीत नाही, मार्लिसलाही नाही.

राजीनामा पुन्हा लिहिला नाही. तारखेची नीट खात्री करून मग बघू.

८ जून, बुधवार

संपलं. आमच्या गव्हर्नरने काल माघार घेतली. भाषण चांगलं केलं, कुणाला दूषण नाही. मी टीव्ही बंद करून टोमॅटोच्या रोपांना पाणी घातलं, नंतर लक्षात आलं की पाऊस पडतोय. विधानसभेच्या जागेसाठी आमच्या पक्षातर्फे कोण, तर आयोनी. लिओनार्ड जिथे पडला तीच जागा.

बर्नडीनकडे गेलो. म्हटलं, आज तिचा आनंदाचा दिवस, निदान तिला चिमटा काढावा. दार उघडलं तर डोळे लाल, नाक लाल. म्हणाली, "कांदा चिरत होते." ओट्यावर बघतो तर नुसते रूबार्बचे आंबट लाल देठ. कांदा कुठेच नव्हता. म्हातारपणी रूबार्बही डोळ्यांना झोंबत असेल.

मी म्हटलं, "आता उमेदवार ठरला. आता सांगायला हरकत नाही, तू कुणाची होतीस ते."

"आता सांगून काय करायचं? आता सगळे एकाचेच." तिने नाक पुसलं. "सकाळी पहिला फोन मी आयोनीला केला, अभिनंदनाचा. दुसरा तुला करणार होते. बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"नाही आहेस," ती म्हणाली, आणि रूबार्ब भरून भाजलेली अख्खी गोड पाई कापडात बांधून माझ्या हातात दिली. सेनेटरवाली असूनही तिला माझं दुःख कळलं, याचं मला फार बरं वाटलं. घरी मार्लिसला रूबार्बचं सांगितलं, तर म्हणाली, "ऑर्विल, एकतीस वर्षं तू पोरांचे पेपर तपासलेस ना? कसे रे तपासलेस?" या बाईच्या बोलण्याला शेंडाबुडखा नसतो.

१७ सप्टेंबर, शनिवार

पक्षाचं वार्षिक जेवण, जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये. डुकराच्या मांसाचे काप, मका, सोळा तऱ्हांच्या गोड पाई. उन्हाळाभर गव्हर्नरवाले धुसफुसतच होते. सहाजणांनी मला सांगितलं होतं, "आम्ही जेवू, टाळ्या वाजवणार नाही." त्यात मी एक होतो असं म्हणायला हरकत नाही.

बर्नडीनने टेबलांवर नावं लावली होती. न्हाव्याच्या शेजारी मी! दोन माणसं, मध्ये मक्याची कणसं. शेवटी तो माझ्या मानेकडे बघून म्हणाला, "कुणी कापले हे?" "मार्लिसने." "अरे देवा," तो म्हणाला, अगदी मनापासून. "सोमवारी ये."

आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं: आयोनी ब्रँडव्होल्ड यांचा परिचय, चिटणीस ऑर्विल टेगलँड. मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी दोन वाक्यांत उरकायचं ठरवलं होतं. माइकपाशी गेलो. समोर आमचे लोक, हाताची घडी घालून, माझ्याकडे बघताहेत. टेबलाच्या टोकाला बर्नडीन. ती वाट बघत होती. रागावलेली नाही, विनवणी नाही, नुसती वाट बघत होती. लिओनार्ड नदीवर गळ टाकून बसायचा तसा तिचा चेहरा.

म्हटलं, "या पोरीला मी नागरिकशास्त्रात जेमतेम पास केलं होतं." हशा. "मार्चमध्ये हिने चर्चची व्हॅन चरात घातली." मोठा हशा. "तरी नऊच्या नऊ माणसं बाहेर काढून, तीन मैल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून, हिने सभेला आणली. एकालाही मागे ठेवलं नाही. मला त्या दिवशी राग आला होता. माझी जागा गेली होती. पण मी आता विचार करतो, विधानसभेत आपल्यासाठी कोण पाहिजे? जी आपल्यातल्या एकालाही चरात ठेवून पुढे जात नाही, ती पाहिजे. आयोनी, मी अकरा पानं वाचून तुझ्यासाठी दार उघडं धरलं होतं. नोव्हेंबरात त्याची परतफेड कर. निवडून ये."

शेड दणाणली. गव्हर्नरवाले आधी उठले, मी पाहिलं. आयोनीने मिठी मारली, म्हणाली, "सर, तुम्हाला ठाऊक होतं? तेव्हाच?" मी म्हटलं, "अर्थात." एवढं खोटं चालतं.

१६ ऑक्टोबर, रविवार

आज आयोनीसाठी दारोदार फिरायच्या याद्या लावायच्या होत्या. कोण मतदानाला नेमाने जातो, कोण चुकवतो, हे जुन्या याद्यांवरून कळतं. कुणी कुणाला मत दिलं ते गुप्त, पण कोण आलं आणि कोण नाही हे सरकारी यादीत उघड असतं, कुणालाही मागता येतं. बर्नडीन म्हणाली, "खोका माझ्या तळघरात आहे, तूच आण, माझे गुडघे दुखतात." मी खोका घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला.

तळाशी आठ वर्षांपूर्वीची यादी होती. आमच्या बाजूचे जे आले नाहीत, त्यांच्या नावांभोवती पेन्सिलीने गोल. बर्नडीनचं अक्षर मी हजार कागदांवर पाहिलंय. चौतीस गोल होते. लिओनार्ड पडला एकोणीसने. शेवटच्या पानावर, टी अक्षराखाली, टेगलँड ऑर्विल. गोल. आणि समासात, मतदानानंतर पंधरा दिवसांनी घातलेली तारीख आणि दोन ओळी: 'डिसेंबरात फोन करणे. चिटणीस होशील का विचारणे. एकटा पडू द्यायचा नाही.'

डिसेंबरातच तिचा फोन आला होता. मला वाटलं होतं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

 पन्नास वर्षं पक्षात, एकतीस वर्षं नागरिकशास्त्र, आणि ही यादी कुणालाही मिळते हे मीच वर्गात शिकवायचो! पण आपल्याच जुन्या माणसाचं नाव कोण तपासून बघतो? नवरा पडलेली बाई बघते. आणि बघून काय करते? त्याच माणसाला आपल्या शेजारची खुर्ची देते.

आणि ती गाडी. सात वर्षं, शाळा मंडळाची निवडणूक असो, नगरपालिकेची असो, राज्याची असो, मतदानाच्या दिवशी सकाळी पावणेसातला बर्नडीनचा फोन: "ऑर्विल, गाडी सुरू होत नाहीये बघ, मला नेतोस का?" मी दर वेळी कुरकुरायचो, ती गाडी भंगारात घाल म्हणायचो. कडाक्याच्या थंडीत ही गाडी चर्चला जाते, आणि नेमका मतदानाला हिला संधिवात होतो! तिला नेलं की मग मीही मत टाकूनच यायचो. दुसरं काय करणार होतो तिथे?

रडलो. लिहायला लाज कसली.

मार्लिसला गॅरेजचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं. मत दिलं की तू ते 'मी मत दिलं' लिहिलेलं गोल स्टिकर आठवडाभर कोटावर मिरवतोस. त्या वर्षी नव्हतं. आणि गॅरेज इतकं स्वच्छ, ऑर्विल, मला भीतीच वाटली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." आठ वर्षं! या दोन बायकांच्या मधोमध मी किती आरामात जगलो.

यादी परत खोक्यात तळाशी ठेवली, होती तशी.

८ नोव्हेंबर, मंगळवार

साडेपाचला उठलो. दाढी केली, न्हाव्याने कापलेले केस विंचरले, कोट घातला. साडेसहाला, तिचा फोन यायच्या आधी, मीच फोन लावला.

"बर्नडीन, ऑर्विल बोलतोय. माझी गाडी सुरू होत नाहीये."

पलीकडे किटलीची शिट्टी ऐकू येत होती. ती तिने बंद केली.

"काल तर ठीक होती," ती म्हणाली.

"होती. आज नाही होत. थंडीने असेल."

"थंडी कुठे आहे, ऑर्विल?"

"आठ वर्षांपूर्वी होती," मी म्हणालो. "तेव्हाही नेलं असतंस तर बरं झालं असतं. आज मला नेतेस का?"

 पलीकडे चाव्या वाजल्या. "दहा मिनिटांत येते. कोट घाल."

सातव्या मिनिटाला निळी गाडी दारात. इंजिन कसं लोण्यासारखं चाललेलं. मी शेजारी बसलो. सात वर्षांत पहिल्यांदा ती चालवत होती आणि मी बसलो होतो. बाई भलत्या जोरात चालवते हे मला माहीत नव्हतं.  नदीच्या पुलावर तिने एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या हातावर ठेवला, वळण आलं तशी परत उचलला.

मतदानकेंद्रात ती म्हणाली, "तू हो पुढे." मी यादीत माझ्या नावापुढे सही केली, एकेक अक्षर नीट. मतपत्रिकेवर आधी सर्वांत वरचं, सेनेटरचं नाव भरलं, मग खाली आयोनीचं. बाहेर आलो तर बर्नडीन माझं स्टिकर घेऊन उभी. तिने ते माझ्या कोटाला लावलं आणि वरून दोनदा थोपटलं. मी बोलायला तोंड उघडलं, ती म्हणाली, "राहू दे. पाई आहे घरी, चल."

सेनेटरची बाई ती. पण इतकी मोठी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता संध्याकाळचे सात. ग्रंथालयाच्या तळघरात मोजणीची वाट बघत बसलोय. आयोनी नखं खातेय, न्हावी आणि तो फलक फाडणारा मिळून रेडिओची तार नीट करताहेत. आकडे यायला वेळ आहे. बर्नडीनने आपल्यातलं आज कोण मत देऊन आलं ती यादी शेवटपर्यंत तपासली, पेन्सिल कानामागे खोचली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. गोल एकही नव्हता. म्हणाली, "इतिवृत्तात घे."

घेतलं. हजर सगळे. गैरहजर कुणी नाही.